झडपांची गाडी

“बाकी सगळं करतो डॉक्टर, पण तोंडावरच्या या झडपांचं तेवढं विसरा,” मी म्हणालो. “उघड्या ठेवून पक्क्या झाळून टाकतो. आपल्या हवेत त्यांचं काही काम नाही.”

“झाळून टाकता? दात दुखतो म्हणून मी कुणाचा जबडाच झाळून टाकला तर चालेल का सर्जेराव?” डॉ. नेर्लेकर दातांचे डॉक्टर. त्यांच्याशी कुठलाही विषय काढा, तो फिरून फिरून तोंडातच यायचा. “जानेवारीत पुण्याला जुन्या गाड्यांची रॅली आहे. परीक्षक इंजिन थंड असताना बघतात, तापल्यावर पुन्हा बघतात. झडपा आपल्या आपण उघडल्या पाहिजेत. दोरी नको, तार नको, हात नको.”

हे अठ्ठ्याऐंशी सालचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं दोन गाळ्यांचं गॅरेज होतं. डॉक्टरांनी आणलेली गाडी चौतीस सालची, विलायती. चिंचणगावच्या इनामदारांच्या कोठारात ती छत्तीस वर्षं पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबड्यांच्या कितीतरी पिढ्यांनी संसार केला होता. इनामदारांच्या सूनबाई, वहिनीसाहेब, आता राजारामपुरीत लेकाकडं राहायच्या. डॉक्टरांकडं कवळी बसवायला आल्या तेव्हा गाडीचा विषय निघाला आणि कवळीबरोबर गाडीचाही सौदा झाला.

त्या गाडीच्या रेडिएटरपुढं जाळी नव्हती, उभ्या पात्यांच्या झडपा होत्या. इंजिन थंड असलं की पाती मिटलेली, गार वारा आत जाऊ द्यायची नाहीत. पाणी तापलं की आतली एक तांब्याची डबी फुगायची, दांडा पुढं ढकलायची आणि सगळी पाती एकदम वळून उघडायची. युक्ती नामी होती. फक्त ती डबी कधीच मेली होती आणि पाती मिटलेल्या अवस्थेतच गच्च बसली होती.

गाडी ट्रकवरून उतरली तेव्हा माझे वडील, आबा, गॅरेजच्या दाराशी नेहमीच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी एकदाच गाडीकडं बघितलं. मग उठले, स्टूल उचललं आणि रस्त्याकडं तोंड करून बसले.

कारण ही गाडी आबा चालवायचे.

बावन्न सालच्या दसऱ्याची गोष्ट. मी सहा वर्षांचा होतो, त्यामुळं आठवतं त्यापेक्षा ऐकलेलंच जास्त. इनामदारांच्या घरात नवी सून आली होती आणि गाडीची पूजा त्या वर्षी तिच्या हातून झाली. तिच्या अंजिरी शालूचं आणि तिनं गाडीला बांधलेल्या हातभर रुंद झेंडूच्या हाराचं वर्णन आई कितीतरी वर्षं करायची. पूजा झाली, सगळे गाडीत बसले आणि शिलंगणाला कोल्हापूरला निघाले. आठ मैलांवर चढाला गाडीनं वाफ सोडली आणि इंजिन जाम झालं. निवल्यावर झाकण उघडून बघतात तर रेडिएटरमध्ये पाण्याचा थेंब नाही. ड्रायव्हर पाणी घालायला विसरला, दुसरं काय? ऐन दसऱ्याला, भर रस्त्यात. इनामदार सरकारांनी जागच्या जागी आबांच्या हातून किल्ली काढून घेतली.

“पाणी मी बघितलं हुतं,” एवढंच आबा घरी येऊन आईला म्हणाले. पुढं तेही म्हणायचे बंद झाले.

इनामदारांनी दिलेली खोली सुटली. आम्ही कोल्हापुरात आलो. आबा तेलाच्या घाण्यावर राखणदार झाले, आई शेंगा फोडायला जायची आणि सातवीतून मी लेथवर उभा राहिलो. स्टिअरिंगला आबांनी पुन्हा हात लावला नाही. मी मिस्त्री झालो, गॅरेज काढलं, पण मनातली अढी गेली नाही. एका घागरभर पाण्याच्या आळसापायी या माणसानं आमची शाळा, घर, सगळं घालवलं असं मला वाटायचं, आणि वाटायचं ते मी झाकूनही ठेवत नसे. गाडी दुरुस्त होऊन बाहेर पडताना मी गिऱ्हाइकाला मोठ्यानं विचारायचो, “पाणी बघितलं का?” आणि स्टुलाकडं बघायचो. अख्ख्या उद्यमनगराला ती गंमत ठाऊक होती. आबा तंबाखू मळत बसायचे. कुठल्याच गाडीच्या बॉनेटला मी त्यांना हात लावू द्यायचो नाही.

अशा घरात ही गाडी आली. बायको, शालन, म्हणालीसुद्धा, “दुसऱ्या कुणाकडं पाठवा की. म्हाताऱ्याला रोज ती बघायला लागंल.”

“बघू दे,” मी म्हणालो.

इंजिनाचं काम दीड महिन्यात उरकलं. खरी परीक्षा त्या डबीनं घेतली. भात्यासारख्या चुण्या असलेली, कागदाइतक्या पातळ तांब्याची डबी. तसली वस्तू बाजारात मिळणं शक्यच नव्हतं. शेवटी नारायण तांबटांना गळ घातली. त्यांनी चष्मा पुसून जुनी डबी उलटीसुलटी केली, म्हणाले, “हंडे-घागरी करणाऱ्याला नथ करायला सांगतोयस,” आणि केली. आत भरायला डॉक्टरांनी दवाखान्यातलं स्पिरीट दिलं. तोंड डाग देऊन बंद केलं आणि शालनच्या दुधाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून डबी त्यात सोडली. पाच मिनिटांत ती फाटकन फुटली. दुसरी केली, तीही फुटली. शालननं पातेलं कायमचं गॅरेजला देऊन टाकलं.

तिसरी डबी भरत होतो तेव्हा दाराकडून आवाज आला.

“गळ्यापातूर भरू नगं. निम्म्याच्या वर जाऊ दिऊ नगंस.”

आबा रस्त्याकडंच बघत होते. मला वाटलं रस्त्यावरच्या कुणाला तरी सांगतायत.

“काय म्हणालात?”

“त्याची वाफ हुती. वाफंला जागा लागती. इंग्रज फिटर आलावता मुंबईस्नं, त्यो सांगायचा. दर म्हैन्याला गरम पाण्यात सोडून बघायचो म्या ती डबी.”

निम्मी भरली. पातेल्यातलं पाणी तापत गेलं तशी डबी सावकाश फुगली, दोन सूत, चार सूत, आणि पाणी निवल्यावर पुन्हा मिटून बसली. मला आनंद झाला आणि त्याच वेळी मनात काहीतरी टोचलं. जो माणूस महिन्याच्या महिन्याला ही डबी पाण्यात सोडून बघायचा, तो ऐन दसऱ्याला रेडिएटरमध्ये पाणी बघायला विसरला? पण हातात काम होतं. टोचलेलं तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दाढी करायला न्हाव्याकडं गेले होते. मी पात्यांच्या मागे लागलो. रॉकेल आणि ब्रशानं छत्तीस वर्षांची घाण, कोळिष्टकं, कोंबड्यांची विष्ठा खरवडून काढली. पाती गंजून बसलीत असं मी धरून चाललो होतो. घाण गेली आणि बघतो तर गंज नावालाच. प्रत्येक दोन पात्यांना मिळून बारीक तारेचा विळखा होता. पुढून आत घातलेली, मागून वळवून पुन्हा पुढं काढलेली आणि पिळून आवळलेली तार. अशी सहा ठिकाणी. एका पिळात काळा पडलेला सुताचा दोरा अडकला होता आणि त्यात एक वाळून काडी झालेला देठ.

चिमट्यानं देठ काढला. झेंडूचा. एवढ्या वर्षांनीही ओळखता येत होता, कारण ते जाड, रेघारेघांचे देठ आम्ही दर दसऱ्याला गोणीभर तोडतो.

मी खाली जमिनीवरच बसलो. हार. हातभर रुंद, जड हार. घसरू नये म्हणून पात्यांतून तार ओवून गच्च बांधलेला. डबी आपलं काम करत होती, दांडा ढकलत होती, आणि पाती बांधलेली होती. वारा आत जाणार कुठून? पाणी भरलेलंच होतं. ते उकळून, वाफ होऊन गेलं आणि झाकण उघडलं तेव्हा साहजिकच थेंब नव्हता.

आबा खरं बोलत होते.

मला काय झालं ते आता सांगता येणार नाही. रडू आलं, हसू आलं, आणि सगळ्यात आधी काय वाटलं तर हे कुणाला तरी ओरडून सांगावं. शेजारच्या फौंड्रीत फोन होता. तिथून डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ‘माझ्या बापाची चूक नव्हती डॉक्टर, हार बांधणाऱ्याची होती,’ असं दोनदा सांगितलं. हार कुणी बांधला तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “काय सांगता! आज दुपारीच वहिनीसाहेब यायच्यात कवळी घासून घ्यायला.” ते ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

आबा गुळगुळीत दाढी करून आले. मी त्यांना हाताला धरून गाडीपुढं नेलं आणि तार दाखवली. मला वाटलं होतं म्हाताऱ्याचे डोळे भरून येतील.

आबांनी तारेकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघितलं.

“कुणाला सांगितलंस?”

“डॉक्टरास्नी.”

आबा फेंडरला टेकले. गाडी उतरल्यापासून त्यांनी तिला पहिल्यांदाच हात लावला होता.

“तुमाला ठावं हुतं,” मी म्हणालो.

“त्याच दिशी कळलं. इंजान उकळतंय आन पाती मिटल्याली. हाराला हात घातला तर तार. सरकार झाडाखाली पाणी पीत हुतं. म्या हार तोडला आन वड्यात टाकला.”

“आन बोलला न्हाईसा?”

“बोलून? पोरगी एकुणीस वर्साची. लगीन हून सहा म्हैनं झालं न्हवतं, तवर सरकारांचा धाकला भाऊ गेला, दोन बैल गेलं. वाड्यात बाया कुजबुजायच्या, पायगुण वाईट म्हणून. त्यात दसऱ्याची गाडी तिच्या हातनं मोडली म्हटल्यावर तिला म्हायेरी धाडली असती. आन धाडून पुना आणली नसती. माझी काय, नुसती नोकरी गेली.”

“नुसती नोकरी?” माझा आवाज चढला. “आई शेंगा फोडून फोडून गेली. माझी शाळा गेली. आन चूक तुमची न्हवतीच!”

“माझी बी हुतीच की. निघायच्या आदी पाती फिरत्यात का बघायचं काम डायवरचं. हार कुणी का बांधंना. आन चढाला वास आलावता मला. सरकार म्हणालं म्हूर्त टळतोय, हाण. म्या हाणली.”

“मला तरी सांगायचं. मी तुमाला वीस वर्सं...”

“तुला सांगितलं असतं तर तू गप ऱ्हायला असतास?” आबांनी अगदी साधेपणानं विचारलं. “आज सकाळी तुला कळलं. आता साडेधा वाजल्यात.”

मी फौंड्रीकडं पळालो, फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर पेशंट बघतायत, निरोप देतो. निरोप काय देणार? दुपारी पुन्हा लावला तेव्हा डॉक्टरच फोनवर आले आणि माझ्या आधी तेच बोलले. “अहो, त्यांना सांगितलं मी. मला वाटलं गंमत वाटेल. पण एकदम पांढऱ्याफटक पडल्या. कवळी तशीच टाकून गेल्या.”

आबांना सांगितलं. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गॅरेजसमोर रिक्षा थांबली आणि वहिनीसाहेब उतरल्या. एकट्याच. डोक्यावरून पदर, हातात पर्स घट्ट धरलेली. मी त्यांना प्रथमच इतक्या जवळून बघत होतो. पंचावन्नची बाई त्या दिवशी सत्तरीची दिसत होती. आबा स्टुलावरून उठून उभे राहिले.

“श्रीपतीमामा,” त्या आबांना म्हणाल्या, “डॉक्टर सांगतात ते खरं का?”

“काय सांगत्यात, वहिनीसाहेब?”

“हार मी बांधला होता. एकटीनं. सासूबाई म्हणाल्या, सैल बांधू नकोस, वाटेत पडला तर अपशकुन. म्हणून तार घेतली, पात्यांतून ओवली. बोट कापलं होतं माझं, पदरानं झाकलं. काल रात्रभर मी अंथरुणावर बसून होते. तुमच्या घरच्यांनी काय काय काढलं असेल ते डोळ्यांपुढून हलेना. खरं सांगा. माझ्यामुळं झालं का हे सगळं?”

माझ्या शर्टाच्या खिशात ती तार होती. दोऱ्यासकट, देठासकट. आदल्या दिवसापासून मी ती जवळच ठेवली होती. माझ्या बापाच्या नावावरचा डाग पुसणारी जगातली एकुलती एक वस्तू, आणि ज्या घरानं तो डाग लावला त्या घरातलं, त्या दिवशी गाडीत असलेलं उरलेलं एकमेव माणूस समोर उभं होतं.

आबा हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

“काय वहिनीसाहेब! त्यो हार तर म्या गाव सुटताच सैल केलावता. डायवर हाय, एवढं कळत न्हाई व्हय? अवो, आदल्या रात्री म्या रेडेटर धुतला. समदं पाणी काढलं आन भरायचं ऱ्हाऊन गेलं. सणाची गडबड. इसरलो.”

छत्तीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. सरकारांनी किल्ली घेतली तेव्हा नाही, आई रडली तेव्हा नाही, मी चारचौघांत टोमणे मारले तेव्हाही नाही.

“मग ती तार?” वहिनीसाहेबांनी विचारलं. “डॉक्टर म्हणाले, पाती बांधलेली होती. तुमच्या मुलानं काढली.”

“इचारा की त्यालाच.”

त्या माझ्याकडं वळल्या. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. खाली बघत राहिले. त्यांना माझी खात्री नव्हती आणि ती का असावी?

“तार नंतरची आहे, वहिनीसाहेब,” मी म्हणालो. “गाडी कोठारात लावताना कुणीतरी बांधली असणार. उंदीर-घुशी शिरू नयेत म्हणून बांधतात अशी. मला कळलंच नाही. उतावीळपणा केला आणि डॉक्टरांना भलतंच सांगून बसलो.”

“नक्की?”

“आईशपथ.”

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिची शपथ खोटी घ्यावी लागली.

“कुठंय ती तार? बघू.”

“भंगारात गेली.”

त्यांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग एक मोठा श्वास सोडून त्या आबांच्या स्टुलावर बसल्या. पाणी मागितलं. प्यायल्या. गालांवर रंग परत आला, आणि जीव भांड्यात पडला की माणसाचा होतो तसा त्यांचा आता संताप झाला.

“पाणी घालायचं एवढं साधं काम, श्रीपतीमामा! गाडीत आम्ही चार बायका होतो. काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?”

“व्हय, वहिनीसाहेब. चुकलं.”

“मामंजींनी तुम्हाला काढलं तेव्हा मला इतकं वाईट वाटलं होतं. दोन दिवस अन्न गेलं नव्हतं. उगीचच म्हणायचं.”

“उगीचच,” आबा म्हणाले. ते हात जोडून उभे होते.

मी पान्हा पुसत उभा राहिलो. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. वीस वर्षं मी आबांना हेच ऐकवत आलो होतो, आता दुसऱ्याच्या तोंडून तेच ऐकणं मला सोसेना. तरी मी गप्प राहिलो. आयुष्यात मला अभिमान वाटावा असं मी फार काही केलेलं नाही, पण ती दहा मिनिटं मी गप्प राहिलो.

रिक्षा गेल्यावर मी खिशातली तार भट्टीत टाकली. आबा बघत होते. मग मी त्यांना म्हणालो, “दांड्याचं माप लावायचंय. तुमीच लावा. मला अंदाज येत न्हाई.” आबांनी बाह्या सरसावल्या, बॉनेटखाली वाकले आणि अर्ध्या तासात माप लावलं. इंजिन सुरू केलं. तापल्यावर सगळी पाती एकदम वळून उघडली, कुणाचा हात न लागता. आम्ही दोघं पुढं उभे राहून बघत होतो.

संध्याकाळी डॉक्टरांकडं जाऊन मी तार नंतरची होती असं सांगितलं आणि स्वतःला गाढव म्हणवून घेतलं. जानेवारीत गाडीला पुण्यात चषक मिळाला. आबा त्यानंतर चार वर्षं होते. ते गेले तेव्हा भेटायला आलेल्यांनी मायेनं त्याच पाण्याच्या गोष्टी काढल्या आणि मी त्या ऐकून घेतल्या. डॉक्टरही गेले. शालनला, पोरांना मी कधी काही सांगितलं नाही. नातवंडांनाही पणजोबा ठाऊक होते ते पाणी घालायला विसरलेले ड्रायव्हर म्हणूनच. फार जड गेलं ते.

वहिनीसाहेब गेल्या पौषात वारल्या, नव्वदी ओलांडून. त्यांच्या बाराव्याला मी गेलो, पंगतीला बसलो. घरी आलो, हातपाय धुतले आणि शालनला हाक मारली.

“बस जरा,” म्हणालो. “आबांचं एक सांगायचं राहिलंय.”